तारण

चौतीस वर्षे बँकेत नोकरी करून मी एक प्रश्न विचारायला शिकलो. "तारण काय देता?" शेतकऱ्याला विचारला, दुकानदाराला विचारला, मुलीच्या लग्नासाठी कर्ज मागायला आलेल्या मास्तरांनाही विचारला. तोच प्रश्न एक दिवस आपल्या दारी येईल असे मात्र कधी मनात आले नाही.

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची गोष्ट. सांगलीला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. तिने ओवाळले, मी खिशात हात घातला, तर ती म्हणते, "दादा, यंदा ओवाळणी राहू दे. सल्ला दे."

सल्ला भाचीचा होता. ती पुण्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. वय २९, महिन्याला ९० हजार हातात पडतात. तिला इंग्लंडात जाऊन एम.बी.ए. व्हायचे होते. खर्च ४७ लाख! मेहुणे जाऊन सहा वर्षे झाली. बहिणीजवळ म्हणाल तर काय ते हे राहते घर.

मी चकली मोडता मोडता व्याख्यानच दिले. म्हटले, "ही पदवी हार्वर्डने १९०८ साली सुरू केली हे खरे. पण अहमदाबादची संस्था १९६१ साली निघाली ती हार्वर्डच्याच साह्याने, आणि मुंबईची जमनालाल बजाज १९६५ साली स्टॅनफर्डच्या. गंगा दारी आली असताना काशीला कशाला जायचे?"

भाची काही बोलली नाही. बहीणच म्हणाली, "आंबेडकर नाही का गेले कोलंबियाला?"

"गेले, १९१३ साली. पण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महाराजांनी कोणाचे घर लिहून घेतले नव्हते."

हे बोललो खरे, पण लगेच आठवले की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार त्यांनाही लिहून द्यावा लागला होता. आणि जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिकणाऱ्यांसाठी जो निधी काढला, तोही पैसे कर्जाऊच देत आला. म्हणजे फुकट कोणीच गेले नाही. माझे व्याख्यान तिथेच आटोपले.

संध्याकाळी भाची गच्चीवर एकटी भेटली. म्हणाली, "मामा, इथल्या दोन संस्थांत मुलाखतीपर्यंत जाऊन परत आले. आईला सांगितलं नाही." मग थोडे थांबून, "आणि माझ्या वरची जागा मिळाली ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान माणसाला. तो परदेशातून शिकून आलाय. काम मीच शिकवते त्याला."

आता यावर मामाने काय बोलावे? ज्ञानासाठी जाते असे ती म्हणाली असती तर मला चार शब्द सुचले असते. ती दार उघडायला निघाली होती, आणि किल्ली इंग्लंडात मिळत होती.

मी कालनिर्णयचे जुने पान उलटे करून हिशेब मांडला. परदेशी शिक्षणाला बँक साधारण १५ टक्के पदरचे घालायला लावते; ते ७ लाख तिच्याजवळ साठलेले होते. उरले ४० लाख. साडेसात लाखांच्या वर गेले की, काही निवडक नामांकित विद्यापीठे सोडली तर, तारण आले. व्याज धरा १० टक्के. शिकण्याचे एक वर्ष आणि पुढचे सवलतीचे एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज काही झोपा काढत नाही. दोन वर्षांत ४० चे ४८ होतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिना ६३ हजारांच्या वर हप्ता!

"पण तिकडे नोकरी लागली की पौंडात..." भाची म्हणाली.

इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. तिकडच्या सरकारने २०२१ साली शिकून झाल्यावर दोन वर्षे राहून नोकरी करायची मुभा दिली; २०२५ साली तीच दीड वर्षावर आणण्याचे जाहीर केले. अमेरिकेत तर दरसाल ८५ हजार परवान्यांसाठी चिठ्ठ्या निघतात. दुसऱ्याच्या देशाचा परवाना हे काही तारण नव्हे. मी म्हटले, "पोरी, हिशेब राहण्याचा करू नकोस, परत येण्याचा कर. पुण्याच्या पगारात जो हप्ता बसेल, तेवढेच कर्ज. मग तिकडे राहिलीस तर देवाची कृपा."

ती रागावली. दोन दिवस माझ्याशी नीट बोललीसुद्धा नाही. "मामांना काय, पेन्शन चालू आहे," असेही आईपाशी म्हणाली म्हणे. खोटे नव्हते ते.

पण संक्रांतीच्या सुमारास तिचा फोन आला. तिने यादीतली दोन बडी नावे स्वतःच खोडली होती. एका लहान गावातल्या विद्यापीठाने फीमध्ये सूट देऊ केली, तेव्हा तिने आणखी सुटीसाठी पत्र लिहिले आणि चक्क मिळवली! कर्ज २६ लाखांवर आले. व्याज तुंबू दिले नाही तर हप्ता ३४ हजार. पुण्याच्या पगारात बसत होता.

मे महिन्यात आम्ही तिघे बँकेत गेलो. माझ्या मुलाच्या वयाचा अधिकारी. त्याने चष्मा वर करून विचारले, "तारण काय देता?" बहिणीने जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेले कागद काढले. खाली मेहुण्यांची सही होती, तिच्यावरून तिने एकदा बोट फिरवले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, तू त्या खुर्चीत असतास तर दिलं असतंस का?"

"दिलं असतं," मी म्हणालो. बाकीच्या चौतीस वर्षांत हे उत्तर देताना माझा आवाज असा कापला नव्हता.

भाची सप्टेंबरात गेली. तिकडे थंडी पडू लागली आहे, कणीक मिळते, मेथी मिळत नाही, असे कळते. व्याज तुंबू नये म्हणून बहीण आपल्या पेन्शनीतून दरमहा भरते आहे. यंदाच्या भाऊबीजेसाठी तिने मला आत्ताच बजावले आहे, "दादा, सल्ला नको. ओवाळणी रोख आण."