झील ओढायला माणूस लागतो

मशिनचा संबळ येतोय असं मागे या सदरात लिहिलं, तेव्हा ‘तुम्हाला नवं सगळंच खुपतं’ म्हणून कितीतरी जण कावले होते. आता घ्या. या आठवड्यात लोहारा तालुक्यातल्या एका लग्नाच्या गोंधळात ऑक्टोपॅड आला. संबळ कोपऱ्यात, तुणतुणं फोटोपुरतं.

घरी येऊन कान धुवायला अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन लावला. ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’, १९६१चा अल्बम, गाणी १९३६-३७ची. या सदरात त्याचं नाव इतक्यांदा आलंय की काही वाचक त्याला नळदुर्गचा समजत असतील.

गोंधळात नाईक ओळ टाकतो, मागचे झीलकरी तिचं शेपूट उचलतात आणि ‘जी जी’ करत तिला घोळवतात. तेवढ्यात नाईकाला पुढचं जुळवायला सवड मिळते: यजमानाचं गाव, नवरदेवाच्या मामाचं नाव, आवतण द्यायचा राहिलेला एखादा देव. ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा म्हणतात, तीही मला अशीच तिसरीसाठी काढलेली सवड वाटते. पण जॉन्सनच्या मागे कुणीच नाही. अर्धी ओळ तो गळ्यातून काढतो, उरलेली तारेवर नळी घासून गिटारकडून म्हणवून घेतो. ‘कम ऑन इन माय किचन’मध्ये आवाज बोलण्याइतका खाली आणून तो बाहेरच्या वाऱ्याचं काही सांगतो, आणि वारा गिटार वाजवते. नाईकही तोच, झीलकरीही तोच. हे त्याने सैतानाला आत्मा विकून मिळवलं म्हणे! सन हाउससारख्या थोर ब्लूज गायकांच्या मागे लागून, दुसऱ्यांच्या तबकड्या ऐकून शिकलेला पोरगा होता तो. पण मेहनतीची गोष्ट खपत नाही, सैतानाची खपते.

ऑक्टोपॅडच्या आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. संबळ त्यात बरा भरला होता. पण वाजवणारं पोरगं लूप लावून पंगतीला जाऊन बसलं. इकडे नाईक कुळाच्या नावापाशी अडला. संबळवाला असता तर त्याचा चेहरा बघून दोन ठेके जास्त वाजवले असते, झीलकऱ्याने तीच ओळ पुन्हा ओढली असती. लूप तसाच पुढे. नाईकाने कुळ गाळलं आणि थेट आरतीवर आला.

वऱ्हाडाची काही तक्रार नव्हती. डीजे किती वाजता, एवढंच विचारत होते. बिदागी ऑक्टोपॅडवाल्याला जास्त मिळाली म्हणे, जनरेटरचं भाडं वेगळं.