हाडे ठिसूळ झाली, म्हणून बसून राहायचे?

डेक्सा स्कॅनमध्ये टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली आला, की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. त्या दिवसापासून घरात बंधने सुरू होतात. "आई, जिना चढू नकोस, पिशवी उचलू नकोस, पडून राहा." मुले हे मायेपोटी सांगतात. पण काही डॉक्टरही हेच सांगतात, आणि ते मला मुळीच पटत नाही.

हाड जिवंत असते. त्यावर भार पडला तर शरीर ते टिकवते, भार काढला तर झिजवते. अंतराळात शरीराला वजन जाणवत नाही, म्हणून धडधाकट अंतराळवीरांच्याही खुब्याचे हाड महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्का कमी होते. मग सत्तरीच्या आईला खाटेवर बसवून आपण काय साधतो?

"फिजिओथेरपी चालू आहे ना!" असे उत्तर मिळते. चौकशी केली की कळते, दहा दिवस पाठीला मशीनचा शेक. शेकाने दुखणे तात्पुरते कमी होते, हाड मजबूत होत नाही. फिजिओथेरपीचा गाभा व्यायाम आहे, मशीन नव्हे.

"मी रोज चालते," हेही पुरेसे नाही. चालणे हृदयाला उत्तम, पण मणक्याचे हाड त्याने फारसे वाढत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात, हाडांची घनता कमी असलेल्या महिलांनी रजोनिवृत्तीनंतर ८ महिने आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड वजनाचे व्यायाम केले. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची सुमारे १ टक्क्याने घटली.

याचा अर्थ उद्याच घरी वजने उचला, असा नाही. फिजिओथेरपिस्टकडून तीन गोष्टी शिकून घ्या:

१. ताकद: हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे, मग हळूहळू वाढवत नेलेले वजन.
२. पाठ: पाठीचा कणा ताठ ठेवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम.
३. तोल: ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे. तोल आणि ताकदीच्या व्यायामांनी पडण्याचे प्रमाण साधारण एक चतुर्थांशाने कमी होते. खुब्याचे बहुतेक फ्रॅक्चर पडूनच होतात.

मात्र पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, सिट-अप्स असे कंबरेतून पुढे वाकण्याचे प्रकार टाळा. १९८४ च्या एका छोट्या अभ्यासात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ८९ टक्के रुग्णांच्या मणक्यात नवे फ्रॅक्चर दिसले. पाठ ताठ करणारे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्के. अचानक पाठ दुखू लागली किंवा उंची कमी झाली असेल, तर आधी एक्स-रे, मग व्यायाम. आणि औषधे मनाने बंद करू नका. व्यायाम त्यांच्या जोडीला आहे, बदल्यात नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: कोणता व्यायाम, आठवड्यातून किती वेळा, वजन कधी वाढवायचे? गोळीचा डोस लिहून मिळतो, तसा व्यायामाचाही लिहून मागा. "जपून राहा" हा उपचार नव्हे.