तो दगड नव्हे

सोयाबीनच्या काढणीत धार-देवासकडील खेड्यांत झाडून सारी माणसे शेतावर असतात. अशा वेळी एखाद्या ओट्यावर एक तरुण तासन्‌तास निश्चल बसलेला दिसतो. घरभेटींत आम्हांस सांगण्यात येते, “त्याला काही वाटतच नाही. बाप वारला तेव्हा डोळ्यांतून टिपूस आले नाही. दगड झाला आहे.” हा शब्द आम्हांस मान्य नाही.

या आजाराला छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, म्हणतात. त्यात पुष्कळदा चेहऱ्यावरील भाव मावळतात, आवाज सपाट होतो. परंतु संशोधकांनी अशा रुग्णांना सुखदुःखाचे चित्रपट दाखविले तेव्हा त्यांना त्या घटकेस वाटलेले सुखदुःख जवळजवळ इतरांइतकेच होते. चेहरा तेवढा सांगत नव्हता. तेव्हा त्याच्यादेखत ‘याचे आता काय करायचे’ अशी चर्चा करू नये. तो ऐकत असतो.

दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव ओळखणे मात्र त्याला जड जाते; साधा चेहराही रागावलेला वाटू शकतो. स्मरणशक्तीही लंगडी पडते. सांगितलेले टिकत नाही, आणि एखादी गोष्ट कोणी बोलले की आपल्याच मनात आली, याचा घोटाळा होतो. “मोटर बंद कर म्हटले होते ना?” असे त्याच्यावर खेकसणे म्हणजे तापकऱ्याला अंग गार कर म्हणणे होय. एका वेळी एकच काम सांगावे, तेही रोज ठरल्या वेळी.

१९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चंदीगडकडील पाहणीत, ज्या घरांत रुग्णाविषयी वैरभाव होता तेथे आजार अधिक उलटलेला आढळला. त्याच अभ्यासात आपल्याकडचे नातेवाईक लंडनच्या मानाने टोचून कमी बोलतात, खेड्यांतले तर शहरातल्यांहूनही कमी, असे दिसले. ही आपली मोठी जमेची बाजू. पण सांभाळणाराही थकतो. २००४ सालच्या ‘देवराई’ चित्रपटातील बहिणीची ओढाताण पाहिलेल्यांना हे सांगावयास नको. एकाच बाईवर सारा भार टाकू नये.

बडव्याकडे जाणारे जातात. त्यावरून आम्ही भांडत नाही. मात्र औषध थांबता कामा नये, आणि साखळदंड तर नकोच. २०१७ च्या कायद्याने त्यास मनाई आहे. इंदूरला बाणगंगेस सरकारी मानसिक रुग्णालय आहे, १४४१६ वर फोनवरूनही सल्ला मिळतो. कधी कधी गोळ्यांनीच चेहरा व हातपाय ताठरतात. तसे दिसल्यास गोळ्या आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांस सांगावे. मात्रा बदलता येते.