पंधरा पानांसाठी बांगड्या गहाण?



गेल्या महिन्यात आमच्या बँकेच्या काउंटरवर आपल्याच समाजातील एक गृहस्थ सोनेतारण कर्जासाठी आले. सोबत पत्नीच्या दोन बांगड्या होत्या. ओळखीचे असल्यामुळे सहज कारण विचारले, तर म्हणाले, "मुलाला अमीरपेटेत क्लास लावायचाय. स्क्रम मास्टरची परीक्षा. झाला की मॅनेजर होईल." आम्ही अर्ज भरून घेतला, कारण ते आमचे काम. पण घरी येऊन या परीक्षेची माहिती काढली, तेव्हा अस्वस्थ झालो. ज्या पुस्तिकेवर ती परीक्षा आधारलेली आहे, ती इंटरनेटवर फुकट मिळते आणि मुखपृष्ठ धरूनही तिची पाने पंधरा भरत नाहीत.

या गृहस्थांना दोष देण्यात अर्थ नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपली घरे काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडीत राहिली. रेल्वे, शाळा, सरकारी कचेऱ्या आणि बँका यांच्यावर आपल्या दोन-तीन पिढ्या निघाल्या. त्यांतली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आता मुले हायटेक सिटी आणि गच्चीबौलीच्या वाटेने जातात. त्या वाटेवरच्या परीक्षांची नावेही वडीलधाऱ्यांना ठाऊक नसतात, आणि जिथे माहिती नसते तिथे क्लासवाल्याचा शब्द प्रमाण ठरतो.

म्हणून आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे संगणक क्षेत्रातील १७ जण जमले आणि त्यांनी 'अ‍ॅजाइल'चा जाहीरनामा लिहिला. सार असे, की वर्षभर काम करून शेवटी एकदम ग्राहकापुढे ठेवण्यापेक्षा थोडे करा, दाखवा, त्याचे ऐका आणि सुधारा. आम्ही बँकवाले रोज संध्याकाळी रोकड जुळवतो, मार्चअखेरची वाट पाहत नाही. चूक त्याच दिवशी सापडते. तत्त्व तेच. स्क्रम ही या विचारातली सर्वांत रुळलेली पद्धत. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी ती १९९५ साली जाहीरपणे मांडली. 'स्क्रम गाइड' ही त्यांची पुस्तिका २०१० साली प्रथम निघाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. अभ्यास करायचा तो याच आवृत्तीचा.

आता पैशाची गोष्ट. सारख्या नावांच्या परीक्षा अनेक आहेत आणि फसगत तिथेच होते. स्क्रम अलायन्सच्या 'सर्टिफाइड स्क्रम मास्टर' परीक्षेला त्यांच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा वर्ग सक्तीचा आहे, आणि प्रमाणपत्राचे दर दोन वर्षांनी पैसे भरून नूतनीकरण करावे लागते. स्क्रम डॉट ऑर्गच्या 'प्रोफेशनल स्क्रम मास्टर-१' परीक्षेला कोणताही वर्ग सक्तीचा नाही, आणि प्रमाणपत्राला मुदत नाही. शुल्क डॉलरमध्ये, २०० डॉलरच्या आसपास आहे. भरण्यापूर्वी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. एका शुल्कात एकच प्रयत्न. तेव्हा क्लासची पावती फाडण्याआधी एकच प्रश्न विचारा: "परीक्षा कुठली, आणि तिला तुमचा वर्ग सक्तीचा आहे का?" उत्तर गुळमुळीत आले, तर उठून या.

परीक्षा सोपी आहे असे मात्र कोणी समजू नये. ६० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. उत्तीर्ण व्हायला ८५ टक्के लागतात, म्हणजे ६८ उत्तरे बरोबर हवीत. पाठांतराने हे साधत नाही. पुस्तिका निदान तीनदा, पेन्सिल हातात घेऊन वाचावी. तीन जबाबदाऱ्या: प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर्स. तीन दस्त: प्रॉडक्ट बॅकलॉग, स्प्रिंट बॅकलॉग आणि इन्क्रिमेंट. पाच प्रसंग: एक स्प्रिंट आणि त्याच्या पोटातल्या चार बैठका. स्प्रिंट एक महिन्याहून मोठा नसतो. महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंगसाठी जास्तीत जास्त आठ तास, रिव्ह्यूला चार, रेट्रोस्पेक्टिव्हला तीन. आणि रोजचा डेली स्क्रम १५ मिनिटांचा. एवढे तोंडावर आले, की संस्थेच्याच संकेतस्थळावरची ३० प्रश्नांची मोफत सराव चाचणी पुन्हा पुन्हा द्यावी. दर वेळी पैकीच्या पैकी गुण मिळू लागेपर्यंत शुल्क भरू नये.

सर्वांत जास्त चुका होतात त्या आपल्या कचेरीच्या सवयीमुळे. आपल्याला वाटते, स्क्रम मास्टर म्हणजे साहेब आणि डेली स्क्रम म्हणजे साहेबापुढची हजेरी. पुस्तिकेत तसे नाही. डेली स्क्रम हा डेव्हलपर्सचा, त्यांच्या स्वतःच्या कामासाठी. स्प्रिंटमध्ये काम किती घ्यायचे हे तेच ठरवतात. स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा. प्रोजेक्ट मॅनेजर नावाची जबाबदारी या पुस्तिकेत नाहीच. दुसरी चूक जुन्या प्रश्नसंचांची. डेली स्क्रममधले ठरावीक तीन प्रश्न २०२० च्या आवृत्तीत वगळले गेले. 'डेव्हलपमेंट टीम' हा शब्दही गेला. ज्या संचात हे अजून आहे, तो रद्दीत घालावा.

आणि एक कटू गोष्ट. आम्ही बँकेत जेएआयआयबी परीक्षा दिली, तेव्हा उत्तीर्ण होताच एक वेतनवाढ मिळाली, कारण ती करारातच लिहिलेली आहे. या प्रमाणपत्रामागे असा कोणताही करार नाही. ते अर्जावर एक ओळ वाढवते, मुलाखतीत बोलायला आधार देते. हाताखाली काम केल्याचा अनुभव ते देत नाही. "झाला की मॅनेजर" असे सांगणारा खोटे बोलतो.

मग मंडळाने काय करावे? वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आम्ही तीन मागण्या ठेवत आहोत. एक, वाचनालयाची खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यासासाठी खुली करावी. दोन, या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी आळीपाळीने येऊन पुस्तिका मराठीतून समजावून द्यावी. संज्ञा इंग्रजीच राहू द्या, अर्थ मराठीत कळला की उत्तर इंग्रजीत सुचते. तीन, परीक्षेचे शुल्क बिनव्याजी, हप्त्याने फेडायच्या उचलीतून द्यावे. सराव चाचणीत टिकून गुण दाखवील त्यालाच ती मिळावी, आणि कोणाला दिली ते सूचनाफलकावर लागावे. कार्यकारिणीच्या नातेवाइकांना वेगळा नियम नको.

काही ज्येष्ठ सभासद म्हणतील, की मंडळ हे गणेशोत्सव, नाटक आणि भाषेसाठी आहे, क्लास चालवण्यासाठी नाही. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही विचारतो: १९०७ साली या शहरात विवेकवर्धिनी सुरू झाली, ती कशासाठी? त्या काळच्या मुलांना जे शिक्षण हवे होते ते आपल्या माणसांत, आपल्या भाषेत मिळावे म्हणूनच ना? उत्सवाचा निधी कमी करा असे आमचे म्हणणे नाही. खोली आपली आहे, संध्याकाळी ती कुलूपबंदच असते.

सभेला अवश्य या. ठरावाला विरोध असेल तर उभे राहून बोला, पटला तर हात वर करा. पण गप्प बसू नका. आपण गप्प राहिलो, तर पुढच्या महिन्यात आमच्या काउंटरवर आणखी एका घरच्या बांगड्या येतील, आणि नियमाप्रमाणे आम्हाला त्या तोलून घ्याव्याच लागतील.