राशीला दोरी लावून पाहा

बारामती-इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात माघ-फाल्गुनात शाळूची मळणी सुरू होते. यंत्र आले तरी धान्याची रास पडतेच. व्यापारी नजरेने अंदाज सांगतो आणि घरची मंडळी मान डोलावतात. शेतकरी बंधू-भगिनींनो, असा सौदा नजरेवर कशाला? दोरीचा हिशेब आपल्याकडे आठशे वर्षांहून जुना आहे.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्यातल्या 'लीलावती'त धान्याच्या राशीचे गणित दिले आहे. राशीच्या बुडाचा घेर दोरीने मोजा. त्याचा सहावा भाग काढा, त्याला त्याच आकड्याने गुणा आणि मग उंचीने गुणा.

समजा, घेर ३० फूट आणि उंची ३ फूट आहे. सहावा भाग ५. पाच पंचे २५, पंचवीस त्रिक ७५. म्हणजे ७५ घनफूट. उंचीसाठी राशीच्या शेंड्यातून सळई सरळ जमिनीपर्यंत घाला. तेही नको असेल तर आचार्यांचा आडाखा असा: जाड धान्याला घेराचा दहावा भाग, बारीक धान्याला अकरावा, कुसळाच्या धान्याला नववा. रास भिंतीला टेकली असेल तर मोजलेला घेर दुप्पट धरून गणित करा आणि उत्तर निम्मे करा.

एक ध्यानात ठेवा. या रीतीत घेर व्यासाच्या तिप्पट धरला आहे. खरा तो थोडा जास्त असतो. आचार्यांना हे ठाऊक होते. १२५० व्यासाला ३९२७ घेर, असे त्यांनीच लिहिले आहे. पण खळ्यावर हिशेब सोपा हवा. म्हणून आलेल्या उत्तरातून शेकडा साडेचार वजा करा. ७५ चे साडेएकाहत्तर धरा. मग फूटभर लांब, रुंद आणि खोल पेटीत आपलेच धान्य भरून वजन करा आणि त्याने गुणा.

चाळीसगावजवळ पाटण येथे आचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथल्या शके ११२८ च्या शिलालेखात, मठाला घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, अशी मराठीत नोंद आहे. गावच्या घामावरच ही विद्या जगली. ती गावाच्या कामी यायला हवी.

शेवटचा शब्द काट्याचाच. पण आधी दोरीचा आकडा हाती असला, तर काट्यात खोट असल्यास ती लगेच कळते. यंदा राशीला दोरी लावायचे काम घरातल्या शाळकरी लेकीकडे द्या.