सर्वानुमते मंजूर?

आमच्या होस्टेलच्या मेस कमिटीचं एक रजिस्टर आहे. लाल कापडी पाठीचं, कोपऱ्यावर वरणाचे डाग पडलेलं. त्यातल्या प्रत्येक ठरावाखाली एक ठरलेलं वाक्य असतं, "सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला." मागच्या वर्षीच्या एका ठरावाखाली माझी सही आहे. हा लेख म्हणजे त्या सहीचा हिशोब समजा.

ठराव साधा होता. रात्रीची मेस नऊला बंद व्हायची. सबमिशन, टी.टी.च्या मॅचेस, गॅदरिंगची प्रॅक्टिस, यातून नऊच्या आत मेसला पोचणं पोरांना जमत नव्हतं. "रोज रोज बिस्किटं खाऊन झोपायचं का बे?" हा प्रश्न प्रत्येक मजल्यावर ऐकू यायचा. कॉमन रूममध्ये मीटिंग झाली. साठ-पासष्ट पोरं असतील. मेस साडेदहापर्यंत चालू ठेवावी, असं मी मांडलं. सगळे हात वर. विरोधात एकही नाही. टाळ्या झाल्या, वॉर्डन सरांनी सही केली, ठेकेदाराने मान डोलावली. आपण काय लोकशाहीने काम करून राहिलो, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

आठ-दहा दिवसांनी पोळ्या लाटणाऱ्या दोन मावशींपैकी एक यायची बंद झाली. तिच्या गावाकडे जाणारी शेवटची काळीपिवळी साडेनऊला सुटते, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. सुरुवातीला तिचा मुलगा सायकलने तिला न्यायला येत होता. त्याची बारावी होती. शेवटी तिने काम सोडलं. पाच वर्षं या होस्टेलने तिच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या आणि तिचं काम घालवणारा ठराव 'सर्वानुमते' मंजूर झाला. त्या सर्वांमध्ये ती नव्हती, एवढंच. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तिला विचारावं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी वरोऱ्याचा. म्हणून ही गोष्ट मला जरा जास्तच टोचली. वरोऱ्याचं नाव काढलं की लोकांना आनंदवन आठवतं. बाबा आमटेंनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये गावाबाहेरच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन सुरू झालं. ज्यांना घरच्यांनीसुद्धा उंबऱ्याबाहेर काढलं होतं, त्या कुष्ठरोग्यांनी झडलेल्या बोटांनी तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, हातमाग चालवले. १९६४ मध्ये वरोऱ्याला आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झालं. ज्यांना गाव शिवत नव्हतं, त्यांच्या श्रमातून गावच्या पोरांसाठी कॉलेज उभं राहिलं!

आनंदवन लहानपणापासून पाहिल्यामुळे एक गोष्ट आम्हा वरोरेकरांच्या अंगवळणी पडलेली असते. माणसाला भीक देऊ नका, काम द्या. काम मिळालं की तो मान वर करून उभा राहतो. पण काम मिळालं, मान मिळाला, त्याच्या पुढची पायरी कोणती? माझ्या मते, निर्णयात वाटा. आमच्या मावशीला काम होतं. आम्ही तिला मानाने 'मावशी' म्हणत होतो. ठरवायच्या वेळी मात्र तिला जागा नव्हती. ही पुढची पायरी बघायची असेल तर वरोऱ्याहून पूर्वेला, गडचिरोलीच्या जंगलात जावं लागेल.

१९८० च्या दशकात गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन मोठी धरणं व्हायची होती. त्यांत जंगल बुडणार होतं आणि आदिवासींची गावंही. त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं. बाबा आमटे त्यात पुढे होते. ते प्रकल्प मागे पडले. पण 'आम्हाला न विचारता आमच्याबद्दल ठरवू नका' असं जो सरकारला म्हणतो, त्याला स्वतःच्या गावातही तोच नियम लावावा लागतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने तो लावला. शंभरेक घरांचं हे गोंड गाव. देवाजी तोफा हे गावचे, आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल, या दोघांची नावं या प्रयोगाशी कायमची जोडली गेली आहेत. गावाची घोषणा तुम्ही कुठेतरी ऐकली असेलच, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार."

घोषणा जोरदार आहे, पण मला त्यामागची पद्धत जास्त आवडली. मेंढ्याच्या ग्रामसभेत बाया आणि पुरुष दोघंही बसतात. निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एखाद्याला मान्य नसेल तर त्याला हात मोजून गप्प बसवत नाहीत. विषय पुढच्या बैठकीत जातो, पुन्हा चर्चा होते. आणि अवघड विषय असेल तर आधी अभ्यास गट बसतो. कायदा काय म्हणतो, जंगलात काय उरलं आहे, बाहेरच्या जाणकाराला काय विचारायचं, हे सगळं तिथे होतं. अभ्यास गट निर्णय घेत नाही. तो फक्त समजून घेतो. निर्णय ग्रामसभेचा.

"असं केलं तर वर्षभर एक ठराव व्हायचा नाही," असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. पण दारूबंदीचंच बघा. बायांनी विषय काढला, चर्चा लांबली, आणि गावाने दारूबंदी ठरवली. बहुमताने ती एका संध्याकाळी झाली असती. मग हरलेल्यांनी जंगलात जाऊन प्यायली असती आणि जिंकलेल्यांना रोज पहारा द्यावा लागला असता. बहुमताचा निर्णय लवकर होतो, पण तो पाळून घ्यायला पुढे जन्म जातो. सर्वांना पटवून घेतलेल्या निर्णयाला उशीर लागतो, पण त्याला पहारेकरी लागत नाही. वेळ दोन्हीकडे जातोच. आधी द्यायचा की नंतर, एवढाच प्रश्न.

आणि हे फक्त भजन-पूजन, दारूबंदीपुरतं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. बांबू हे झाड की गवत, म्हणजे इमारती लाकूड की गौण वनोपज, यावर वाद! अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर हे गाव एका अर्थाने कंपनीच झालं. कोणता बांबू तोडायचा, कोणता राखायचा, मजुरी किती, व्यापाऱ्याला काय भावाने द्यायचा, हे तोडणाऱ्यांनीच बसून ठरवायचं. हिशोबही त्यांच्यासमोरच. २०१३ मध्ये तर गावाने ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. सातबाऱ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात त्या महाराष्ट्रात!

आता आपल्यातले काही जण म्हणतील, "हे गावात ठीक आहे. उद्या प्लांटवर बॉयलर ट्रिप झाला तर ग्रामसभा भरवायची का?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर टोयोटाने कधीच देऊन ठेवलं आहे. त्यांच्या लाइनवर कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी जाते. काही चुकतंय असं वाटलं तर कोणताही कामगार ती ओढतो. वेळेत दुरुस्त झालं नाही तर लाइन थांबते. मीटिंग नाही, परवानगी नाही. तातडीचा निर्णय ज्याचा हात मशीनवर आहे त्याचा. सगळ्यांच्या सहमतीने ठरवायचा तो नियम, की ही दोरी कोणी आणि केव्हा ओढायची.

मी सुट्टीत एका कारखान्यात ट्रेनिंगला होतो. तिथला एक जुना ऑपरेटर मला म्हणाला, "आवाज बदलला आहे, बेअरिंग जाणार." मी विचारलं, सांगितलं का? तो म्हणाला, सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझरने शिफ्ट इंजिनिअरला सांगायचं, त्याने मेंटेनन्सला कळवायचं. तिसऱ्या दिवशी बेअरिंग जॅम! स्पॅनर त्याच्या हातात होता, निर्णय नव्हता. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात आपण सगळे लिहितो की फीडबॅक नसलेली सिस्टिम म्हणजे ओपन लूप, तिच्यावर भरवसा ठेवू नये. मग आपली वर्कशॉप्स, ऑफिसेस, कमिट्या ओपन लूप का चालतात?

मजुरांनी ठरवून मोठं बांधकाम होत नाही, असं सिव्हिलवाल्यांना वाटत असेल तर केरळची उरालुंगल लेबर कॉन्ट्रॅक्ट सोसायटी बघा. १९२५ मध्ये मजुरांनी सुरू केलेली ही सहकारी संस्था आज मोठे रस्ते आणि पूल बांधते. तिचं संचालक मंडळ सभासद कामगार आपल्यातूनच निवडतात.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुंबईत कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८५ मध्ये बंद पडली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि कंपनी कामगारांच्या मालकीची झाली. देशभर कौतुक झालं. काही वर्षं चांगली गेली, पण १९९० च्या दशकातच ती पुन्हा अडचणीत आली. बाजाराची कारणं असतील, आपसातली भांडणंही होती. मी यातून एवढंच घेतो की मालकीचा कागद एका दिवसात हातात येतो, पण एकत्र बसून, हिशोब वाचून, भांडून पुन्हा एकत्र बसायची सवय एका दिवसात लागत नाही. मेंढ्याला परवान्याचं पुस्तक मिळालं तेव्हा गावाला त्या सवयीची वीसेक वर्षं झाली होती.

आपले सीनियर्स पुण्याहून येतात आणि सांगतात, "आमच्याकडे सर-मॅडम नाही, डायरेक्ट नावाने हाक मारतो बॉसला." छान आहे. पण मित्रांनो, हाक कशी मारता यावरून सत्ता वाटली गेली का, ते कळत नाही. हिशोब तुम्हाला दाखवतात का? तुमच्या कामाबद्दल ठरवताना तुम्ही त्या खोलीत असता का? आणि तुम्ही 'नाही' म्हणालात तर काम थांबतं का? तिन्हीची उत्तरं 'नाही' असतील तर 'सर' म्हणालात काय आणि 'संज्या' म्हणालात काय, सारखंच.

आता पुन्हा मावशीकडे. मागच्या महिन्यात मी तिच्या गावी गेलो. ती आता दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाते. माफी मागायची होती, पण तोंडातून शब्द निघेना. मीच वेळेचा, काळीपिवळीचा विषय काढला. ती हसली आणि म्हणाली, "मले इचारलं असतं त सांगतलं असतं ना बाबू. नऊपर्यंत साऱ्या पोळ्या लाटून फडक्यात बांधून डब्यात ठेवल्या असत्या. तुमी बसले असते खात साडेदहापर्यंत."

एवढं सोपं होतं! आम्ही साठ-पासष्ट भावी इंजिनिअर त्या खोलीत होतो आणि उत्तर खोलीबाहेर पोळ्या लाटत होतं.

म्हणून मेस कमिटीपुढे मी या सत्रात चार गोष्टी मांडतो आहे. ज्या ठरावाने ज्याचं काम बदलतं, त्याला बैठकीत बसायला जागा, म्हणजे महाराज आणि मावशींना कमिटीत घ्यायचं, तेही त्यांना जमेल त्या वेळी. महिन्याचा हिशोब मराठीत लिहून नोटीस बोर्डावर. एकानेही 'नाही' म्हटलं तर ठराव आठ दिवस थांबेल, पण 'नाही' म्हणणाऱ्याने कारण सांगायचं आणि पुढच्या बैठकीला हजर राहायचं. आणि भाजीला वास आला तर ती फेकायचा निर्णय महाराजांचा, तिथेच, कोणालाही न विचारता. ती आपली दोरी!

सर लोकांनीही हे वाचावं ही विनंती. लॅब असिस्टंट, वर्कशॉपमधले इन्स्ट्रक्टर, लायब्ररीतले शिपाई यांच्या कामाबद्दल ठरतं तेव्हा ते कुठे असतात? आम्ही तुमच्याकडूनच शिकतो.

ठेकेदार म्हणेल, नोकर माणसं कमिटीत कशाला? काही पोरं म्हणतील, आता पोळीसाठीपण मीटिंग का बे? भांडू, बोलू, आठ दिवस थांबू. मावशीला मी परत यायचं विचारलं आहे. तिने अजून हो म्हटलेलं नाही, आणि तो निर्णय तिचा आहे. पण रजिस्टरमध्ये पुढच्या वेळी 'सर्वानुमते मंजूर' लिहायच्या आधी पेन थोडं थांबवून एकदा मागे वळून बघा. सर्वांमध्ये कोण कोण नाही?