इमारत जाते, मंडळी राहते

घर पडले म्हणजे संसार मोडला, असे समजण्याची आपणां लोकांस फार दिवसांची सवय आहे. नौपाड्यात सांप्रत हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. गोखले मार्गाच्या दोहों बाजूंच्या गल्ल्यांतून हिंडावे, तो एखादी जुनी चाळ किंवा बैठी वास्तू पत्र्याच्या कुंपणाआड गेलेली दिसते. चाळीस-पन्नास वर्षे एका जिन्याने चढउतार केलेली कुटुंबे कोणी डोंबिवलीस, कोणी घोडबंदरकडे भाड्याने जाऊन राहतात. कालांतराने नवी इमारत उभी राहते, दुकानदारास गाळा मिळतो, बिऱ्हाडकरूस सदनिका मिळते; परंतु जुना शेजार परत येतोच असे नाही. हे नुकसान कोणत्याही करारनाम्यात लिहिलेले नसते, म्हणून त्याची भरपाईही कोणी मागत नाही.

अशा प्रसंगी मनुष्याने धीर कोठून घ्यावा? आमच्या मते याचे एक उत्तम उदाहरण आपल्या साष्टीतच आहे, आणि ज्या समाजाकडे आमचे बहुतेक वाचक परका म्हणून पाहतात त्या समाजाने ते घालून दिले आहे.

अंधेरीच्या पूर्वेस सीप्झ नावाची निर्यात-उद्योगांची वसाहत आहे. तिच्या कुंपणाच्या आत, कारखान्यांच्या गर्दीत, एका चर्चची छप्पर नसलेली उंच दर्शनी भिंत व कमानी उभ्या आहेत. हे कोंडिविटे गावचे संत योहान बाप्तिस्त याचे चर्च. पोर्तुगीज अमदानीत, १५७९ मध्ये, जेझुइट पाद्र्यांनी ते स्थापिले. भोवतालचे भात पिकविणारे शेतकरी ही त्याची मंडळी. सुमारे अडीच शतके त्यांची बारशी, लग्ने व अंत्यविधी तेथेच झाले. १८४० मध्ये गावात साथीच्या रोगाचा असा कहर झाला की लोकांस गाव सोडावे लागले आणि चर्च ओस पडले. तेव्हा साष्टी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. म्हणजे ही गोष्ट आपल्याच जिल्ह्याची आहे.

यापुढे त्या मंडळीने जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. रोगाने घरोघर माणसे नेलेली, शेते पडीक, आणि पूर्वजांनी उभारलेले देवालय मागे टाकावयाचे! अशा अवस्थेत कोणीही हातपाय गाळून बसला असता तर त्यास दोष देववत नाही. परंतु त्याच वर्षी त्यांनी मरोळ येथे संत योहान या शुभवर्तमानकाराच्या नावाने नवे चर्च उभारले, आणि जुन्या चर्चमधील वेद्या, मूर्ती व खांब तेथे नेऊन बसविले. भिंती नेता येत नव्हत्या, त्या ठेविल्या. जे नेता येण्याजोगे होते ते वाहून नेले. आशा म्हणून जी वस्तू आहे ती आम्हांस या व्यवहारात दिसते. आशा म्हणजे बरे दिवस येतील अशी नुसती वाट पाहणे नव्हे. काय मागे ठेवावयाचे व काय खांद्यावर घ्यावयाचे याचा दुःखाच्या भरातही केलेला नीट हिशेब म्हणजे आशा होय. आमचे व्यापारी वाचक ही गोष्ट चटकन समजतील. दुकानास आग लागली असता शहाणा व्यापारी प्रथम खातेवही बाहेर काढतो.

गोष्ट येथे संपत नाही. १९७३ मध्ये सीप्झची वसाहत झाली आणि जुने चर्च कुंपणाआड गेले. तेथे आता वाटेल त्यास वाटेल तेव्हा जाता येत नाही. तरीही वर्षातून एकदा, मे महिन्यात, परवानगी घेऊन मंडळी त्या भग्न भिंतींपाशी जमतात आणि उघड्या आकाशाखाली उपासना करितात. गाव सोडून जाणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही. त्यांच्या नातवंडांची नातवंडे येतात. छप्पर नाही म्हणून त्यांचे अडले नाही.

या समाजावर हा प्रसंग पहिलाच होता असेही नाही. मराठी फौजांनी १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई घेतली. चिमाजीअप्पांच्या त्या पराक्रमाचा आम्हांस अभिमान आहे, आणि पोर्तुगीजांनी येथील देवळांचा व प्रजेचा जो छळ केला तोही आम्ही विसरलेलो नाही. तथापि वसईच्या चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून आणल्या गेल्या, आणि भीमाशंकरास, वाईजवळ मेणवलीस, नाशकात नारोशंकराच्या देवळात त्या आजही टांगलेल्या आहेत. त्या घंटेचा नाद ऐकून आपण हात जोडतो, तेव्हा ती पूर्वी ज्यांना प्रार्थनेस बोलावीत होती त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांच्या मनात येतो? गोरे पाद्री निघून गेले, पुष्कळ चर्चे ओस पडली. परंतु वसईची व साष्टीची ख्रिस्ती रयत येथेच राहिली, आणि एतद्देशीय पाद्र्यांनी तिची उपासना चालू ठेविली. विजयाचा अभिमान आणि दुसऱ्याच्या हानीची जाणीव या दोन्ही गोष्टी एका अंतःकरणात सुखाने नांदू शकतात. ज्यास हे अशक्य वाटते त्याचा अभिमानच कच्चा म्हणावा लागेल.

पुढे इंग्रजांच्या अमलातही मुंबईत असेच घडले. १७६० च्या सुमारास किल्ल्यावरील तोफांसमोरचे मैदान मोकळे असावे म्हणून तेथील ‘एस्पेरान्सा’ मातेचे चर्च पाडण्यात आले. एस्पेरान्सा या पोर्तुगीज शब्दाचा अर्थच आशा. मंडळीने भुलेश्वरास नवे चर्च बांधिले. जुन्या जागेची आठवण देणारा क्रूस मैदानात राहिला आणि त्यावरून त्या मैदानास क्रॉस मैदान हे नाव पडले. युद्ध, सरकार व रोग, तिहींच्या हातून इमारती गेल्या. पण मंडळी मोडली नाही.

कोणी म्हणेल की, धर्माचे बंधन निराळे आणि सोसायटीचे निराळे. एका जिन्याच्या लोकांना एकत्र धरून ठेवणारे असे काय आहे? आमचे उत्तर असे की, धर्मबंधनदेखील आपोआप टिकत नाही. कोणी तरी खांब वाहावे लागतात, कोणी तरी परवानगीचा अर्ज लिहावा लागतो. आणि आमच्या चाळींत वाहून नेण्यासारखे काही नाही असे कोण म्हणेल? सार्वजनिक गणपती आहे, बायकांचे हळदीकुंकू आहे, भिशी आहे, आजारी शेजाऱ्यास डबा पोचविण्याची रीत आहे.

जुन्या इमारती पाडूच नयेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री याच नौपाड्यात, बी-केबिन भागात, जुनी इमारत कोसळून झोपेतील माणसे प्राणास मुकली, हे आम्ही विसरलेलो नाही. धोकादायक घर सोडलेच पाहिजे. आमची सूचना इतकीच की, ज्या सभेत विकासकाची निवड होते, त्याच सभेत आणखी दोन ठराव व्हावेत: मधल्या काळात सर्व कुटुंबांनी महिन्यातून एकदा कोठे जमावयाचे, आणि चाळीचा गणपती कोणाच्या घरी बसवावयाचा. यास पैसा लागत नाही. तसेच ज्या संस्थांपाशी सभागृहे आहेत त्यांनी, घर पाडले गेलेल्या मंडळींस, मग ती कोणत्याही जातीधर्माची असोत, महिन्यातील एक संध्याकाळ विनामूल्य द्यावी.

मासुंदा तलावाजवळील चर्चवरून आमचे वाचक नित्य जातात. तेथे जमणाऱ्या पुष्कळ जुन्या ख्रिस्ती कुटुंबांची बोली आपल्यासारखीच मराठी आहे. घर गेल्यावर धीर कसा धरावा, हे एखाद्या दिवशी आत जाऊन त्यांनाच विचारावे. शेजाऱ्यापासून शिकण्यात कोणाचाही धर्म बुडत नाही.